हिमनदीशेजारची खाण कोण ठरवणार?

कोयलीच्या रिफायनरीत तयार झालेलं डिझेल आपल्या गाडीत पडतं तेव्हा त्यातलं जवळजवळ सगळं गंधक काढून टाकलेलं असतं. 1 एप्रिल 2020पासून देशभर भारत स्टेज 6 लागू झालं आणि डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत 50 वरून 10 भागांवर आली. हे काम ज्याच्या जोरावर होतं तो धातू म्हणजे मॉलिब्डेनम. अॅल्युमिनाच्या एक ते तीन मिलिमीटर जाडीच्या बारीक कांड्यांमध्ये कोबाल्ट किंवा निकेलच्या जोडीने मॉलिब्डेनम मुरवलेलं असतं. त्या कांड्या रिअॅक्टरमध्ये भरल्यावर आधी त्यांच्यावरच्या मॉलिब्डेनमचं सल्फाइड करून घेतात आणि मग त्यांच्यावरून तापलेलं डिझेल आणि हायड्रोजन दाबाखाली सोडतात. डोंगराच्या पोटात मिळणारं मॉलिब्डेनाइट हे खनिजही मॉलिब्डेनमचं सल्फाइडच असतं. खडकातून काढलेली वस्तू शुद्ध होऊन, भाजून, पुन्हा तेच रूप घेऊन बडोद्याच्या वेशीवर कामाला लागते.

म्हणून मॉलिब्डेनमच्या शोधाबद्दल बोलायचा हक्क बडोद्याच्या माणसाला आहे असं मी मानतो, आणि ती जबाबदारीही आहे. 1965पासून कोयलीची रिफायनरी चालू आहे. तिच्याभोवती खतं, रसायनं, औषधं, पंप, व्हॉल्व्ह, प्रेशर व्हेसल यांचे कारखाने उभे राहिले. रासायनिक कारखान्यात क्लोराइडला दाद न देणारं स्टेनलेस स्टील लागतं, म्हणजे 316, आणि त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये मी ही परीक्षा जवळून पाहिली आहे. भंगारातून आलेल्या पाइपाच्या तुकड्यावर कारागीर कानशीने एक जागा घासून चकचकीत करतो, त्यावर द्रावणाचा एक थेंब टाकतो आणि छोट्या बॅटरीची तार टेकवतो. थेंब गुलाबी झाला की माल 316, नाही झाला तर 304, म्हणजे मॉलिब्डेनम नसलेलं साधं स्टेनलेस. दोघांच्या भावात मोठा फरक असल्यामुळे तो थेंब सगळे डोळे लावून बघतात. आपल्या शहरातल्या किती घरांची चूल त्या गुलाबी थेंबावर चालते हे बाहेरच्याला सांगूनही पटायचं नाही.

भारत हा धातू जवळपास सगळा बाहेरून आणतो. जगात सर्वांत जास्त मॉलिब्डेनम चीनमध्ये निघतं. त्यानंतर चिली, पेरू आणि अमेरिका. फेब्रुवारी 2025मध्ये चीनने टंगस्टन, टेल्युरियम, बिस्मथ, इंडियम यांच्याबरोबर मॉलिब्डेनमच्या काही उत्पादनांवरही निर्यात नियंत्रण घातलं. त्याआधीच, जून 2023मध्ये, खाण मंत्रालयाने 30 महत्त्वपूर्ण खनिजांची यादी काढली होती आणि त्यात मॉलिब्डेनम होतं. जानेवारी 2025मध्ये राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला 16,300 कोटी रुपये मंजूर झाले. शोध वाढवायचा, लिलाव लवकर करायचे, परवानग्या सोप्या करायच्या, अशी ती दिशा आहे.

या दिशेला सरसकट विरोध करणारे लोक माझे मित्र आहेत, पण मी त्यांच्याबरोबर नाही. ज्या शहराचं पोट या धातूवर भरतं त्याने तो कुठे आहे हे शोधूसुद्धा नका म्हणणं अप्रामाणिकपणाचं आहे. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते एकच आहे. बर्फाच्या डोंगरांत खनिज शोधणं आणि तिथे खाण काढणं या दोन गोष्टींच्या मध्ये आज लोकांनी 'हो' किंवा 'नाही' म्हणायची एकही जागा उरलेली नाही. ती जागा कायद्याने परत निर्माण केल्याशिवाय हिमनद्यांच्या प्रदेशात मॉलिब्डेनमसाठी एकही बोअर मारला जाऊ नये.

शोध म्हणजे प्रत्यक्षात काय होतं हे आधी नीट पाहिलं पाहिजे, कारण 'नुसता शोध' या दोन शब्दांत बरंच काही झाकलं जातं. भारतात त्याचे चार टप्पे धरतात, जी-4 पासून जी-1 पर्यंत. जी-4 मध्ये बहुतेक वेळा दोन-चार भूवैज्ञानिक, हातोडे, नकाशे, पिशव्या एवढाच सरंजाम असतो. ओढ्याच्या तळाचा गाळ बारीक चाळणीतून चाळायचा, पिशवीत भरायचा, जागा नोंदवायची आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. पृथ्वीच्या कवचात दहा लाख भागांत साधारण एक भाग मॉलिब्डेनम असतं. एखाद्या ओढ्याच्या गाळात ते कितीतरी पट निघालं की वर चढायचं. मग कधी ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झच्या शिरेच्या कडेला शिशाच्या रंगाचे मऊ, तुळतुळीत पापुद्रे दिसतात. बडोद्यात भूशास्त्र शिकलेल्या कोणालाही ही ओळख आठवेल: ग्रॅफाइटही असाच दिसतो, असाच बोटाला लागतो, पण चकचकीत चिनीमातीवर घासलं तर ग्रॅफाइटची रेघ काळी येते आणि मॉलिब्डेनाइटची हिरवट झाक असलेली. या कामाने डोंगराचं काही बिघडत नाही. उलट हे ज्ञान देशाकडे असलंच पाहिजे.

पुढे रिग, म्हणजे बोअर मारायचं यंत्र, येते आणि चित्र बदलतं. उतारावर सपाट ओटे कापावे लागतात. रिग हेलिकॉप्टरने न्यायची किंवा रस्ता काढून. हिरा लावलेल्या बिटने शेकडो मीटर खोल भोक पाडताना पाणी सतत लागतं, आणि चार-साडेचार हजार मीटरवर ते पाणी बर्फ वितळून आलेल्या ओढ्यातूनच उचलावं लागतं. ते नळीत गोठू नये म्हणून तापवतात किंवा त्यात क्षार घालतात. भोकातून परत येणारा गढूळ लगदा म्हणजे दळलेला सल्फाइडयुक्त खडक असतो. डिझेलचे पिंप, तंबू, कोअर म्हणजे भोकातून निघालेल्या खडकाच्या कांड्या ठेवायच्या लाकडी पेट्यांच्या थप्प्या असतात. उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांत सगळं उरकायचं असल्यामुळे घाई असते. बारमाही गोठलेल्या जमिनीवरचा मातीचा पातळ थर एकदा खरवडला की खालचा बर्फ वितळू लागतो आणि जमीन खचते. तिथे चाकोऱ्या दशकानुदशकं बुजत नाहीत.

त्यात एक फसवी गोष्ट अशी की डोंगरातला सगळा बर्फ पांढरा दिसत नाही. दगडधोंड्यांच्या जाड थराखाली बर्फाची जीभ सरकत असते आणि वरून तो नुसता दगडांचा ढीग वाटतो. लडाखमध्ये असे ढीग भरपूर आहेत. रस्ता काढणाऱ्याला ती सोयीची जागा वाटते, पण खालच्या गावाला ऑगस्टमध्ये मिळणारं पाणी कदाचित त्यातूनच येत असतं.

अशा जागी मॉलिब्डेनम शोधल्याचे जगातले अनुभव बघण्यासारखे आहेत. पूर्व ग्रीनलंडमध्ये माल्मब्येर्ग नावाचा डोंगर आहे, दोन्ही बाजूंना हिमनद्या असलेला. तिथला साठा 1950च्या दशकात सापडला. पुढे डोंगरात बोगदे खोदून, बोअर मारून तो मोजला गेला. 2009मध्ये उत्खननाचा परवाना मिळाला, पण खाण झाली नाही. नवा परवाना मिळाला तो 2025मध्ये. अलास्कातल्या क्वार्ट्झ हिलचा साठा जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक. तो 1974मध्ये सापडला. 1978मध्ये भोवतालचा फ्योर्डचा प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षित झाला. खाणीसाठी त्यातून जागा मोकळी ठेवली गेली, भांडणं झाली, आणि मग भाव कोसळला. खाण आजवर झालेली नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्याजवळ किटसॉल्ट इथे तर खाण झाली, तिच्यासाठी घरं, शाळा, दवाखान्यासकट नवं गाव वसवलं गेलं. 1981मध्ये काम सुरू झालं आणि 1982मध्ये भाव पडल्यामुळे बंद झालं. गाव रिकामं झालं. त्या खाणीचा गाळ अॅलिस आर्म या खाडीत सोडायला सरकारने खास नियम करून परवानगी दिली होती, आणि तिथल्या निसगा लोकांनी त्याला विरोध केला होता.

भावाची ही लहर मॉलिब्डेनमच्या बाबतीत विशेष आहे. जगातलं बरंच मॉलिब्डेनम तांब्याच्या खाणीत जोड-उत्पादन म्हणून निघतं. त्यामुळे त्याचा पुरवठा तांब्याच्या बाजारावर हलतो, मॉलिब्डेनमच्या गरजेवर नाही. 2005मध्ये भाव पौंडाला चाळीस डॉलरच्या जवळ पोहोचला आणि 2008च्या अखेरीस त्याच्या चौथ्या हिश्श्यावर आला. फक्त मॉलिब्डेनमसाठी दुर्गम डोंगरात काढलेली खाण अशा झोक्यात सर्वांत आधी बंद पडते, आणि बंद पडलेल्या खाणीचा गाळ सांभाळायला कंपनी राहत नाही.

गाळाचा हिशोब साधा आहे. निव्वळ मॉलिब्डेनमच्या खाणीतल्या धातुकात एक-दोन दशांश टक्के धातू असतो. हजार किलो खडक दळला की दोन किलोच्या आत धातू हाती येतो आणि बाकी सगळं पिठासारखं, सल्फाइड उरलेलं, कायमचं कुठेतरी साठवायचं असतं. अमेरिकेतली कोलोराडोची क्लायमॅक्स खाण सुमारे 3,400 मीटर उंचीवर आहे आणि शंभर वर्षांपूर्वी सुरू झाली. तिच्या गाळाच्या तलावांखाली कोकोमो आणि रॉबिन्सन ही जुनी गावं गेली. कोलोराडोचे ते डोंगर हिमालयाच्या मानाने स्थिर आहेत. आपल्याकडे 7 फेब्रुवारी 2021ला चमोलीत रोंती शिखराचा कडा बर्फासकट सुटला आणि ऋषिगंगा, धौलीगंगेच्या खोऱ्यात दोनशेहून अधिक माणसं गेली. ऑक्टोबर 2023मध्ये सिक्कीममधला दक्षिण ल्होनाक तलाव फुटला आणि चुंगथांगचं धरण वाहून गेलं. या दोन्हींचा खाणीशी संबंध नव्हता. पण ज्या खोऱ्यांत असं घडतं तिथे गाळाचा तलाव शंभर वर्षं टिकेल याची हमी कोणता अभियंता सही करून देईल?

हिमालयाच्या पलीकडे, तिबेटमध्ये, हा प्रश्न आधीच प्रत्यक्षात उतरला आहे. गांगदिसे पट्ट्यातल्या कुलोंगसारख्या तांबे-मॉलिब्डेनमच्या खाणी पाच हजार मीटरच्या आसपास चालतात. त्याच पट्ट्यातल्या ग्यामा इथे 29 मार्च 2013ला दरड कोसळून खाणीतले 83 कामगार गाडले गेले. ते खोरं ल्हासा नदीचं, ल्हासा नदी यारलुंग त्सांगपोला मिळते, आणि तीच पुढे आपली ब्रह्मपुत्रा. भूवैज्ञानिकांच्या दृष्टीने हा ग्रॅनाइटचा पट्टा कैलासाच्या बाजूने पश्चिमेला लडाखपर्यंत येतो. त्यामुळे तिकडे मिळालं ते इकडेही मिळेल का हा प्रश्न पडणं अगदी स्वाभाविक आहे. आज लडाखमध्ये मॉलिब्डेनमची खाण नाही. म्हणूनच नियम ठरवायची वेळ आज आहे.

किरगिझस्तानातल्या कुमतोर सोन्याच्या खाणीत हिमनदीच खणून काढली गेली आणि हिमनदीवर खडकाचे ढीग टाकले गेले. अर्जेंटिनाने मात्र आपल्याच सीमेवर चाललेला पास्कुआ-लामा या सोन्याच्या खाणीचा वाद पाहून 2010मध्ये हिमनद्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्याने हिमनद्या आणि त्यांच्याभोवतीचा गोठलेला प्रदेश, दगडांखाली झाकलेल्या बर्फासकट, खाणकामाला बंद केला. खाण कंपनी कोर्टात गेली. 2019मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा दावा फेटाळला. पुढे तो कायदा सैल करण्यासाठी दबाव आला, पण अशी रेषा आखता येते आणि न्यायालयात टिकवता येते हे त्याने दाखवलं.

भारतात हिमनद्यांसाठी असा कायदा नाही. जंगलाचा कायदा तिथे सगळीकडे पोहोचत नाही, कारण तो कागदोपत्री जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनीपुरता आहे. आणि जिथे पोहोचतो तिथेही 2023च्या दुरुस्तीने सर्वेक्षण, पूर्वेक्षण, शोध ही कामं 'वनेतर वापर' न मानण्याची मुभा केंद्राने स्वतःकडे घेतली. खनिज शोधाला पर्यावरण मंजुरी लागत नाही. त्याच वर्षी खाण कायद्यात 24 खनिजांचा वेगळा भाग जोडला गेला. मॉलिब्डेनम त्यात आहे, आणि त्या भागातल्या खनिजांचे लिलाव आता राज्यं करत नाहीत, केंद्र करतं. मग सप्टेंबर 2025मध्ये पर्यावरण मंत्रालयाने एक ज्ञापन काढलं आणि या खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. अभ्यास अहवाल होईल, केंद्रातली तज्ज्ञ समिती तपासेल. पण खाणीखालच्या गावात मंडप घालून, माइक ठेवून, लोकांचं म्हणणं नोंदवून घ्यायची जी एक सक्ती होती ती गेली.

हे सगळे बदल एकत्र ठेवून पाहिले तर काय दिसतं? शोध सुरू होतो तेव्हा लोकांना विचारायचं नाही, कारण तो नुसता शोध आहे. शोध संपून साठा जाहीर होतो तेव्हा विचारायचं नाही, कारण लिलाव केंद्राचा. खाण सुरू होते तेव्हाही विचारायचं नाही, कारण खनिज राष्ट्रीय महत्त्वाचं. शिवाय लडाखला 2019पासून विधानसभा नाही. लेह आणि कारगिलच्या पर्वतीय परिषदा आहेत, पण या निर्णयात त्यांचं मत बंधनकारक नाही. आकडा एकदा जाहीर झाला की त्याची ओढ काय असते ते आपण फेब्रुवारी 2023मध्ये पाहिलं. जम्मूतल्या रियासीला लिथियमचा 59 लाख टनांचा साठा 'सापडला' म्हणून देशभर मथळे झाले. तो जी-3 टप्प्यावरचा अनुमानित आकडा होता. लिलावाला पुरेसे बोलीदार आले नाहीत आणि तो रद्द झाला. गावकऱ्यांच्या जमिनीचं काय होणार ही टांगणी मात्र पहिल्या मथळ्याबरोबरच सुरू झाली होती.

परवानगीचा कागद फार आधी ठरतो, हे बडोद्याने स्वतः सोसलं आहे. ऑगस्ट 2024मध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा लोक विचारत होते की नदीची कोतरं बुजवायला, काठावर बांधायला परवानगी कोणी दिली. ते प्रश्न बरोबर होते, पण ते कागद सही होत असताना विचारायला हवे होते.

आता लडाखच्या पाण्याकडे येतो, कारण मॉलिब्डेनमची खरी अडचण तिथे आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. लेहला वर्षाला साधारण शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. सातूचं शेत बर्फाच्या पाण्यावर पिकतं. कोणाच्या शेताला पाणी कधी द्यायचं हे ठरवणारा गावचा छुरपोन असतो, रात्रीचं पाणी झिंगमध्ये, म्हणजे छोट्या तळ्यात, साठवतात. लडाखचे अभियंते चेवांग नोर्फेल यांनी आयुष्य घालून कृत्रिम हिमनद्या बांधल्या, कारण वसंतातल्या पेरणीला खरी हिमनदी वेळेवर वितळत नाही. अशा ठिकाणी एका ओढ्याचं पाणी बिघडलं तर दुसरा ओढा नसतो.

खाणीच्या पाण्याचा नेहमीचा उपाय म्हणजे चुना. सल्फाइड खडक हवा-पाण्याला उघडा पडला की आम्ल पाणी तयार होतं. त्यात लोखंड, तांबं, जस्त विरघळतं. चुना टाकून आम्लता मारली की हे धातू गाळ होऊन खाली बसतात. मॉलिब्डेनमचा स्वभाव उलटा आहे. पाणी जितकं आम्लाकडून अल्काकडे जाईल तितकं ते सुखाने विरघळून वाहत राहतं. तांब्यासाठी स्वच्छ झालेलं पाणी मॉलिब्डेनमसाठी स्वच्छ असेलच असं नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला 0.07 मिलिग्रॅम आहे. माणसापेक्षाही त्याचा त्रास रवंथ करणाऱ्या जनावरांना होतो. त्यांच्या पोटात मॉलिब्डेनम आणि गंधक मिळून तांब्याला बांधून टाकतात. जनावराला चाऱ्यातून तांबं मिळूनही अंगी लागत नाही. हगवण लागते, केसांचा रंग उडतो, लोकर बिघडते, जनावर खंगतं. इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या काही कुरणांत हे खाणीशिवाय, नुसत्या जमिनीतल्या मॉलिब्डेनममुळे होत आलं आहे. चांगथांगचा पश्मीना आणि याक यांच्यावर जगणाऱ्या कुटुंबांना हे कोणीतरी बोअर मारण्याआधी सांगायला हवं, त्यांच्या भाषेत, त्यांच्या गावात जाऊन.

आणि म्हणूनच शोधाच्या पहिल्या टप्प्याला माझा पाठिंबा आहे. रिग यायच्या आधी ओढ्यांतलं पाणी आणि गाळ कसा होता याची नोंद फक्त तेव्हाच होऊ शकते. पेरूच्या कोर्दिलेरा ब्लांकामध्ये हिमनद्या मागे सरकल्यावर उघड्या पडलेल्या सल्फाइड खडकांनी खाण नसतानाही ओढे आम्ल आणि तांबूस केले आहेत. उद्या लडाखमध्ये तसं झालं तर कंपनी म्हणेल निसर्गाने केलं, गाव म्हणेल कंपनीने केलं, आणि आधीचा आकडा नसला तर न्यायाधीश काय करणार? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माहिती डिसेंबर 2023पासून राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडारात खुली होऊ लागली आहे, ही चांगली गोष्ट आहे. तिथे खडकातल्या धातूच्या आकड्यांशेजारी ओढ्यांच्या पाण्याची रसायनंही, ऋतूवार, ठेवली पाहिजेत.

'मग देशाने मॉलिब्डेनमसाठी चीनकडे हात पसरत बसायचं का?' हा प्रश्न मला बडोद्यातच अनेकदा ऐकायला मिळतो, आणि तो कारखाना चालवणाऱ्या, पगार देणाऱ्या माणसांचा आहे. तोफेच्या नळीला, टर्बाइनच्या पात्याला, रिफायनरीच्या रिअॅक्टरला मॉलिब्डेनम लागतं. ते नाकारून चालणार नाही. पण आज बोअर मारला तर धातू कधी मिळेल? माल्मब्येर्गचा साठा सापडून सत्तर वर्षं झाली तरी तिथे खाण झालेली नव्हती. ते टोकाचं उदाहरण झालं असं म्हणाल, तर आपल्या शेजारी छोटा उदेपूरचं आंबाडुंगर घ्या. तिथला कार्बोनेटाइट खडक 1963मध्ये ओळखला गेला. फ्लोरस्पार निघालं, पण ज्या दुर्मिळ मृदा धातूंसाठी तो आज चर्चेत असतो ते अजून तिथून काढले जात नाहीत. चीनने उद्या नळ बंद केला तर त्यावरचं उत्तर हिमनदीखाली नाही.

जवळचं उत्तर कोयलीत आहे, मथुरेत, पानिपतात, जामनगरात आहे. डिझेलमधलं गंधक काढणारा कॅटॅलिस्ट, म्हणजे मॉलिब्डेनम मुरवलेल्या त्या कांड्या, काही वर्षांत थकतो आणि बदलावा लागतो. नव्या कॅटॅलिस्टमध्ये वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकं मॉलिब्डेनम असतं, म्हणजे क्लायमॅक्ससारख्या डोंगरातल्या धातुकाच्या पन्नास-शंभर पट. वापरलेला कॅटॅलिस्ट 2016च्या नियमांनुसार घातक कचरा ठरतो. तो भाजून, सोड्याबरोबर विरघळवून त्यातलं मॉलिब्डेनम परत मिळवण्याची पद्धत जुनी आणि माहीत असलेली आहे, आणि देशात ती करणारे कारखाने आहेत. सप्टेंबर 2025मध्ये केंद्राने महत्त्वपूर्ण खनिजांच्या पुनर्वापरासाठी 1,500 कोटींची योजना मंजूर केली, पण तिचा मुख्य भर ई-कचरा आणि बॅटऱ्यांवर आहे. रिफायनरीच्या कॅटॅलिस्टला आणि 316च्या भंगाराला तिथे ठळक जागा मिळाली पाहिजे. त्याशिवाय मलाजखंडच्या तांब्याच्या धातुकात थोडं मॉलिब्डेनम आहे, तामिळनाडूतल्या हारूर-उत्तंगराई पट्ट्यात त्याचे साठे मोजलेले आहेत. तिथेही माणसं राहतात, तिथेही विचारावं लागेल. पण तिथे डोक्यावर हिमनदी नाही.

पुनर्वापर स्वच्छ असतो असंही मी म्हणणार नाही. कॅटॅलिस्ट भाजताना गंधकाचा वायू निघतो, व्हॅनेडियम आणि निकेलची धूळ निघते. पाद्र्याच्या बाजूने खंबातच्या आखाताकडे कारखान्यांचं सांडपाणी नेणारा चॅनेल आहे. त्याच्या आजूबाजूची गावं विहिरींच्या पाण्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रार करत आली आहेत. ज्या गावांनी आपल्या उद्योगांची किंमत आधीच मोजली आहे त्यांच्यावर आणखी एक भट्टी लादायची नाही. ती उभारायची असेल तर तिचीही जनसुनावणी झाली पाहिजे आणि वायूचे आकडे रोज उघड व्हायला हवेत. मात्र भट्टीला चिमणी असते, तिला टाळं लावता येतं, तिच्यावर देखरेख ठेवणारा अधिकारी अर्ध्या तासात पोहोचतो. साडेचार हजार मीटरवरच्या गाळाच्या तलावाकडे हिवाळ्यात सहा महिने कोणीच पोहोचत नाही.

आपण हिमालय वाचवायचा आणि चिलीच्या अँडीजमधलं मॉलिब्डेनम विकत घ्यायचं, हा दुटप्पीपणा नाही का, असंही विचारलं जातं. आहे. म्हणूनच परत मिळवता येणारा प्रत्येक किलो परत मिळवल्यावर उरलेली गरजच बाहेरून यावी, आणि ती कोणत्या खाणीतून आली हे खरेदीच्या कागदावर लिहिलेलं असावं. कोयलीसकट देशातल्या बऱ्याच रिफायनऱ्या सार्वजनिक कंपन्यांच्या आहेत, निविदेत ही अट घालणं त्यांच्या हातात आहे.

रेषा आखायची सवय आपल्याला नाही असं नाही. डिसेंबर 2012मध्ये गोमुखापासून उत्तरकाशीपर्यंतचा भागीरथीचा परिसर पर्यावरण-संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला आणि तिथल्या खाणकामावर बंधनं आली. तशीच अधिसूचना सगळ्या हिमनद्यांसाठी, त्यांच्या हिमोढांसाठी, दगडाखालच्या बर्फासाठी आणि गोठलेल्या जमिनीसाठी हवी. तिच्या आत गाळाचे आणि पाण्याचे नमुने चालतील, रिग चालणार नाही. रेषेच्या बाहेर, पण त्या पाण्यावर जगणाऱ्या खोऱ्यात, जी-3 चा पहिला बोअर मारण्याआधी जनसुनावणी आणि पर्वतीय परिषदेची संमती, आणि सप्टेंबर 2025च्या सवलतीतून हिमालयातले जिल्हे वगळणं. भोकं सिमेंटने बंद करायचा, ओटे पूर्ववत करायचा खर्च शोध घेणाऱ्याने आधीच बँकेत ठेवावा.

लिलावाला ब्लॉक काढताना केंद्र त्याचा नकाशा आणि शोध-अहवालाचा गोषवारा प्रसिद्ध करतं. हिमालयातला मॉलिब्डेनमचा पहिला ब्लॉक त्या यादीत येईल तेव्हा त्याच पानावर आणखी एक आकडा असावा अशी माझी मागणी आहे: देशातल्या सगळ्या रिफायनऱ्यांमधून गेल्या वर्षी किती टन वापरलेला कॅटॅलिस्ट निघाला आणि त्यातलं किती मॉलिब्डेनम परत मिळवलं गेलं. आणि हरकतीची पत्रं लेहहून जातील तितकीच बडोद्याहूनही गेली पाहिजेत, कारण त्या धातूचं गिऱ्हाईक इथे आहे.